घूं परत येते आहे? स्टीरिओतली हम मुळापासून शोधण्याचा क्रम

चांगला ॲम्प्लिफायर, चांगले स्पीकर, आणि गाणं सुरू व्हायच्या आधीच स्पीकरमधून येणारी बारीक घूं. कोणीतरी सांगतं, केबल बदला. केबल बदलली की थोडे दिवस बरं वाटतं आणि एका संध्याकाळी घूं हजर. मग जाड पॉवर केबल, मग पॉवर कंडिशनर, शेवटी ॲम्प्लिफायरच विकायला काढतात. पुण्यात मनापासून संगीत ऐकणाऱ्या घरांमध्ये हा प्रकार मी इतक्यांदा पाहिला आहे की आता त्याबद्दल नीट लिहायलाच हवं. या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा कुठल्याच पेटीत नसतं. दोन पेट्यांना जोडणाऱ्या वाटेत असतं: अर्थिंगची वायर, आरसीए केबलची (एका उपकरणातून दुसऱ्यात आवाजाचा सिग्नल नेणारी नेहमीची केबल) बाहेरची जाळी, टीव्हीच्या केबलची कोॲक्स (मधे तार आणि भोवती धातूची जाळी असलेली वायर). वाट तीच ठेवून पेट्या बदलत राहिलं तर घूं परत येणारच.

ही घूं नेमकी किती नुकसान करते ते आधी सांगतो, कारण बरेच जण ‘गाणं लागलं की ऐकू येत नाही’ म्हणून सोडून देतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. ॲम्प्लिफायरमधला रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा भाग) लहरीचे दोन्ही अर्धे वापरतो, त्यामुळे आतले फिल्टर कपॅसिटर सेकंदाला १०० वेळा भरतात. म्हणून घूंचे मुख्य सूर दोन, ५० आणि १०० हर्ट्झ. पट्टीच्या भाषेत दोन्ही पांढरी पाचपेक्षा किंचित चढे, एकमेकांपासून सप्तकभर लांब. आता काळी एकच्या पट्टीतल्या एखाद्या बुवांचा विलंबित ख्याल लावा. त्यांच्या तंबोऱ्याचा खर्ज साधारण ६९ हर्ट्झवर बोलतो. त्या षड्जावरून मोजलं तर १०० हर्ट्झ धड तीव्र मध्यमावर पडत नाही, धड पंचमावरही नाही, दोघांच्या मधल्या फटीत बसतो. तंबोऱ्यातून उमटणारा पंचम आणि आलापातली शांतता यांच्याखाली हा बेसूर अखंड वाजत राहतो. कानाला तो वेगळा कळत नसेल, पण तंबोरा ‘मातकट’ का वाटतो याचं उत्तर पुष्कळदा तिथेच असतं. इतके पैसे घालून सिस्टीम घेतली ती ही शांतता ऐकायलाच ना?

आधी नुसतं ऐका

गाणं पॉज करा. घूं थांबली तर ती रेकॉर्डिंगमध्येच आहे. जुन्या घरगुती बैठकींच्या टेपांवर विजेची घूं मुळातच उतरलेली असते, तुमची सिस्टीम ती प्रामाणिकपणे ऐकवते आहे इतकंच. त्यासाठी काही करायचं नाही.

पॉज करूनही आवाज राहिला तर तो कुठून येतो ते बघा. कान स्पीकरला लावा, मग ॲम्प्लिफायरच्या झाकणाजवळ न्या. पेटीच गुरगुरत असेल आणि स्पीकर शांत असतील तर हा संपूर्ण वेगळा आजार आहे, त्याकडे लगेच येतो. स्पीकरमधून येत असेल तर आवाजाची जात ओळखा. मऊ, गोल, पोटातून येणारा ५० हर्ट्झचा आवाज बहुतेक वेळा चुंबकीय असतो: ट्रान्सफॉर्मरजवळून गेलेली सिग्नल केबल किंवा टर्नटेबलची कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग). काटेरी घर्र, म्हणजे १०० आणि त्याच्या पटीतले वरचे सूर मिसळलेले, हे ग्राउंड लूपचं (अर्थच्या दोन वाटांनी होणारा वेढा, तो पुढे समजावतो) किंवा थकलेल्या कपॅसिटरचं लक्षण. कोरडी झर्र, जी दिव्याचा डिमर किंवा पंख्याचा गोल फिरणारा रेग्युलेटर बंद केला की जाते, ती त्यांच्यातल्या ट्रायॅकची, म्हणजे लहर मधेच कापणाऱ्या स्विचची. टकटक पायऱ्यांचे कपॅसिटरवाले रेग्युलेटर हा त्रास देत नाहीत. ते बसवून घ्या आणि विषय संपवा. ट्वीटरला कान लावल्यावर येणारी हलकी शूं मात्र प्रत्येक ॲम्प्लिफायरला असते, तिच्यामागे लागू नका.

पेटीच गुरगुरत असेल तर

महाग ॲम्प्लिफायरमध्ये बहुधा टोरॉइडल, म्हणजे कड्याच्या आकाराचा ट्रान्सफॉर्मर असतो. त्याच्या गाभ्यात हवेची फट नसते. त्यामुळे तो कमी जागेत जास्त काम करतो आणि चुंबकीय क्षेत्र बाहेर कमी सांडतो. पण याच गुणापायी तो नाजूकही असतो. घरच्या विजेत अर्धा व्होल्ट डीसी मिसळला तरी गाभा एका बाजूने संपृक्त होऊ, म्हणजे चुंबकत्वाने भरून जाऊ लागतो आणि ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो. हा डीसी येतो विजेच्या लहरीचा फक्त एक अर्धा ओढणाऱ्या उपकरणांतून. काही हेअर ड्रायर कमी वेगावर नेमकं हेच करतात, कारण त्यात वेग कमी करायला नुसता एक डायोड घातलेला असतो. उपकरण शेजारच्या फ्लॅटमधलं असलं तरी परिणाम तुमच्या भिंतीपर्यंत येतो. म्हणून ही गुरगुर ठरावीक वेळी येते आणि जाते.

उपाय आहे डीसी ब्लॉकर. तो ॲम्प्लिफायरच्या मेन्समध्ये बसतो, म्हणून जाणत्या माणसाकडूनच करून घ्या. ट्रान्सफॉर्मरचा मधला बोल्ट सैल झाला असेल तर आवळूनही गुरगुर कमी होते. पण हे काम दुरुस्ती करणाऱ्यावर सोपवा. त्या बोल्टची दोन्ही टोकं चॅसीच्या धातूला टेकली तर ट्रान्सफॉर्मरभोवती धातूचा एक बंद वेढा तयार होतो, त्यातून प्रचंड करंट वाहतो आणि ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

इन्व्हर्टरवर असतानाच गुरगुर येत असेल, म्हणजे गुरुवारी महावितरणच्या देखभालीसाठी वीज गेली की पंखे घोंघावतात आणि ॲम्प्लिफायरही, तर तुमचा इन्व्हर्टर चौकोनी लहर देणारा आहे. साइन वेव्ह इन्व्हर्टर घ्या, नाहीतर वीज येईपर्यंत ॲम्प्लिफायर बंद ठेवा. मधला मार्ग शोधत बसू नका.

एकेक करून काढा

आता मुख्य तपासणी. एक शिस्त पाळा: आरसीए केबल काढताना किंवा लावताना ॲम्प्लिफायर बंद हवा. या कनेक्टरमध्ये मधली पिन आधी टेकते आणि बाहेरची रिंग नंतर, त्यामुळे चालू सिस्टीममध्ये जो धडाका बसतो त्यात वूफर जाऊ शकतो.

ॲम्प्लिफायरला फक्त मेन्स आणि स्पीकर ठेवा. बाकी सगळं काढा. काढायचं म्हणजे बंद करायचं नाही, केबलच उपसायची. बंद उपकरणाचीही अर्थ वायर जोडलेलीच असते, आणि इथेच निम्मे लोक चुकीच्या निष्कर्षावर पोचतात. सिलेक्टर सीडी किंवा ऑक्सवर ठेवा, फोनोवर, म्हणजे टर्नटेबलच्या इनपुटवर, ठेवू नका. मोकळा फोनो इनपुट आवाज वाढवला की घूं करतोच.

एवढं करूनही घर्र राहिली तर दोष ॲम्प्लिफायरमध्ये आहे. पंधरा-वीस वर्षं चाललेल्या यंत्रात पॉवर सप्लायचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वाळून क्षमता गमावतात आणि १०० हर्ट्झची लाट सिग्नलमध्ये शिरते. उघडून पाहिल्यावर कपॅसिटरचा माथा फुगलेला किंवा बुडाशी तपकिरी डाग दिसतो, कधी काहीच दिसत नाही आणि तरी ते गेलेले असतात. जोडी एकदम बदलायची, एकटा नाही. ॲम्प्लिफायर बंद केल्यावरही या कपॅसिटरमध्ये जीवघेणा साठा काही काळ राहतो, व्हॉल्व्हच्या यंत्रात तर शेकडो व्होल्ट. तेव्हा घरी पेचकस घेऊन बसू नका.

बहुतेक वेळा मात्र या पायरीवर पूर्ण शांतता मिळते. म्हणजे ॲम्प्लिफायर निर्दोष आहे, तो विकायची जाहिरात मागे घ्या. मग एकेक उपकरण जोडत जा आणि प्रत्येक वेळी ऐका. घूं व्हॉल्यूमबरोबर वाढते का तेही बघा. वाढत असेल तर ती व्हॉल्यूमच्या आधी, म्हणजे सोर्सकडून शिरते आहे. व्हॉल्यूम शून्यावरही तेवढीच राहत असेल तर प्रीॲम्प (व्हॉल्यूम आणि सिलेक्टरचा भाग) आणि पॉवर ॲम्प (स्पीकर चालवणारा भाग) यांच्या मधली जोडणी तपासा.

लूप म्हणजे नक्की काय

दोन उपकरणं घ्या, दोघांना तीन पिनांचे प्लग. दोघांच्या चॅसी अर्थ वायरने भिंतीतून एकमेकींना जोडलेल्या आहेतच. आता त्यांच्यामध्ये आरसीए केबल लावली की तिची बाहेरची जाळी दोन्ही चॅसी दुसऱ्यांदा जोडते. भिंतीतून एक वाट, केबलमधून दुसरी: वेढा पूर्ण झाला. घरातल्या प्रत्येक ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र आणि प्रत्येक उपकरणाची थोडी थोडी गळती या वेढ्यात ५० हर्ट्झचा करंट फिरवते.

एवढ्याने बिघडलं नसतं. पण आरसीए केबलमध्ये तीच जाळी सिग्नलचीही परतीची वाट असते. जाळीला थोडासा का होईना रोध असतो, त्यावर पडणारा व्होल्टेज सरळ संगीतात मिसळतो आणि ॲम्प्लिफायर त्याला गाणं समजून मोठं करतो. सीडी प्लेअर पूर्ण आवाजाला साधारण २ व्होल्ट देतो. जाळीवर एक मिलिव्होल्ट पडला तर तो त्याच्या ६६ डेसिबल खाली असतो. ऐकायला बारीक वाटेल, पण संवेदनशील स्पीकर आणि रात्रीची शांत खोली असेल तर तो स्पष्ट ऐकू येतो.

एक्सएलआर, म्हणजे तीन पिनांच्या, केबलमध्ये सिग्नल दोन तारांवरून उलट-सुलट जातो आणि पुढचं यंत्र फक्त त्यांच्यातला फरक घेतं. दोन्हींवर सारखी पडलेली घूं वजा होते. तुमच्या दोन्ही यंत्रांना खरी बॅलन्स्ड सर्किट असतील तर हा सर्वात स्वच्छ मार्ग आहे. महागड्या उपकरणांमधला हा फरक खरोखर ऐकू येणारा आहे, आणि मोठ्या किमतीच्या आरसीए केबलपेक्षा साधी एक्सएलआर केबल इथे जास्त काम करते असं माझं ठाम मत आहे.

पुण्यातला नेहमीचा आरोपी: टीव्हीची कोॲक्स

कर्वेनगरच्या एका घरातली गोष्ट इथे उपयोगाची आहे. व्हॉल्व्हचा सुरेख ॲम्प्लिफायर, चांदीच्या तारांच्या केबली, आणि दर संध्याकाळी घर्र. सकाळी काही नाही. घरातल्या काकांचा संशय व्हॉल्व्हवर होता, नवे मागवायची तयारी चालली होती. टीव्हीचा आवाज मोठ्या स्पीकरवर यावा म्हणून सेट टॉप बॉक्सची एक आरसीए ॲम्प्लिफायरला कायमची लावलेली होती. केबलची कोॲक्स खिडकीच्या चौकटीतल्या भोकातून आत येत होती. बॉक्सच्या मागच्या कनेक्टरची चकती चिमटीत धरून फिरवली, दोन-तीन फेऱ्यांत ती सुटली, जाळी बॉक्सपासून दूर झाली, आणि त्याच क्षणी घर्र तुटली. टेकवली की सुरू, उचलली की बंद. काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “आता काय केलंत? बंद झालं!” दिवसभर कोॲक्स सुटी ठेवायची आणि संध्याकाळच्या मालिकांच्या वेळी लावायची अशी त्यांची सवय होती, सकाळी घूं का नसायची त्याचं हे कारण.

असं होतं कारण कोॲक्सची जाळी तुमच्या घरापुरती नसते. गच्चीवर, खांबावर, शेजारच्या इमारतीतल्या बूस्टरपाशी ती कुठेतरी अर्थ झालेली असते, आणि तिथला अर्थ आणि तुमच्या घरातला अर्थ एका पातळीवर नसतात. दोन वेगवेगळ्या उंचीच्या टाक्या नळीने जोडल्या की पाणी वाहणार, तसा इथे करंट वाहतो, आणि तो जातो तुमच्या आरसीएच्या जाळीतून.

म्हणून टीव्ही किंवा सेट टॉप बॉक्स सिस्टीमला जोडलेला असेल तर सगळ्यात आधी कोॲक्स सोडून बघा. घूं गेली तर निदान झालं. उपाय तीन. पहिला आणि सर्वोत्तम, टीव्हीचा ऑप्टिकल आउटपुट वापरा. त्या केबलमधून प्रकाश जातो, वीज जातच नाही, त्यामुळे लूपचा प्रश्नच मिटतो. ॲम्प्लिफायरला ऑप्टिकल इनपुट नसेल तर छोटा डॅक (डिजिटल सिग्नलचा ॲनालॉग करणारी पेटी) मध्ये घ्या. दुसरा, केबल टीव्हीच्या कोॲक्समध्ये बसणारा गॅल्व्हॅनिक आयसोलेटर, जो सिग्नल जाऊ देतो पण जाळीची जोडणी तोडतो. घरी डिश असेल तर हा साधा आयसोलेटर लावू नका, कारण डिशवरच्या एलएनबीला (सिग्नल पकडणाऱ्या डबीला) त्याच कोॲक्समधून १३ किंवा १८ व्होल्ट डीसी जातो, तो अडला की चित्रच जाईल. तिसरा, बॉक्स आणि ॲम्प्लिफायरच्या मध्ये ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत चौकशी केलीत तर असे आयसोलेटर मिळतात, पण स्वस्त ट्रान्सफॉर्मरचा छोटा गाभा खर्जात लवकर भरतो आणि डग्ग्याचा घुमारा चपटा करतो. टीव्हीच्या बातम्यांसाठी तो चालेल. सीडी प्लेअर किंवा टर्नटेबलच्या वाटेत तो घालू नका.

लॅपटॉपवरून डॅकला यूएसबी जात असेल तर चार्जर उपसून फक्त बॅटरीवर गाणं लावा. घर्र गेली तर लूप चार्जरमधून आहे, यूएसबी आयसोलेटर किंवा ऑप्टिकल हा त्यावरचा इलाज. वायफाय राउटरची साधी लॅन केबल मात्र बहुधा निर्दोष असते, तिच्या दोन्ही टोकांना आतच छोटे ट्रान्सफॉर्मर असतात.

एवढं तपासून झाल्यावर, दोषी कोणीही निघो, एक बदल प्रत्येकाने करावा. सगळी ऑडिओ उपकरणं एकाच सॉकेटवरून, एकाच चांगल्या एक्स्टेंशन बोर्डवर घ्या. ॲम्प्लिफायर एका भिंतीवर आणि डॅक समोरच्या भिंतीवर असेल तर लूपचा वेढा खोलीभर पसरतो. डाव्या-उजव्या आरसीए केबल एकत्र बांधा, पॉवर केबलपासून दूर ठेवा, ओलांडावंच लागलं तर काटकोनात ओलांडा. बोर्ड घेताना तो उघडून दाखवायला सांगा. बाजारातल्या कित्येक बोर्डांना तिसरं भोक असतं पण त्याला वायरच जोडलेली नसते.

अर्थची पिन काढू नका

“तिसरी पिन काढून टाका, घूं जाते,” हा सल्ला पुण्यात सर्रास मिळतो. घूं जातेही, कारण वेढा तुटतो. पण त्या क्षणापासून ॲम्प्लिफायरची धातूची पेटी असुरक्षित होते. आत कधी फेजची वायर सुटून चॅसीला टेकली तर करंटला जमिनीत जायला वाट उरते ती आरसीएच्या बारीक जाळीची किंवा तुमच्या हाताची. आपल्या प्लगमध्ये अर्थची पिन मुद्दाम जाड आणि लांब ठेवली आहे, घालताना ती आधी जोडली जावी आणि काढताना शेवटी सुटावी म्हणून. ती कापणाऱ्या माणसाला घरात येऊ देऊ नका. लूप तोडायचा तो सिग्नलच्या बाजूने तोडायचा, मेन्सच्या बाजूने कधीच नाही. मेन बोर्डवर ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) नसेल तर नव्या केबलच्या आधी तो घ्या.

पेठांमधल्या जुन्या इमारतींत अजून दोन तारांचं वायरिंग सापडतं, अर्थिंग नाहीच. तिथे पेटीवर हाताची मागची बाजू हलकेच फिरवली की मुंग्या येतात, स्टीलच्या कपाटालाही कधी कधी येतात. काही वायरमन अशा वेळी सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडून देतात. हे त्याहून घातक. बाहेर न्यूट्रल तुटला तर घरातली प्रत्येक धातूची पेटी फेजवर जाते. योग्य अर्थिंगची वायर खालपर्यंत ओढून घेणं हाच इलाज, खर्च झाला तरी.

घूं उन्हाळ्यात वाढते आणि जुलैत कमी होते अशी तक्रार असेल तर सोसायटीच्या अर्थ पिटकडे (अर्थ वायर जमिनीत पुरतात त्या खड्ड्याकडे) बघा. पुण्याच्या जमिनीत वर थोडी माती, खाली मुरूम आणि लगेच काळा पाषाण. एप्रिल-मेमध्ये हा थर कोरडा ठणठणीत होतो आणि अर्थचा रोध वाढतो. लिफ्ट, पाण्याचा पंप, एसी यांची गळती त्याच अर्थमध्ये येते, रोध जास्त म्हणून इमारतीच्या अर्थची पातळी उचलली जाते, आणि बाहेरून अर्थ झालेल्या कोॲक्सशी तिचा फरक वाढतो. पंप सुरू झाला की घूं वाढते हे याचंच लक्षण. वायरमनला न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज मोजायला सांगा. एक-दोन व्होल्ट असेल तर ठीक. दहाच्या पुढे असेल तर सोसायटीच्या सभेत अर्थ पिटचा विषय काढा. कोळसा-मिठाचा जुना खड्डा असेल तर त्यात उन्हाळाभर पाणी घालत राहावं लागतं, आणि हे काम कोणाचं हे बहुतेक सोसायट्यांत ठरलेलंच नसतं.

पावसाळ्यात उलट प्रकार होतो. दमट हवेत आरसीएच्या रिंगा काळवंडतात, संपर्क अर्धवट राहतो आणि एकाच बाजूच्या स्पीकरमधून घूं येते, केबल हलवली की जाते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, प्लग जागच्या जागी दोन-चारदा फिरवा. पाऊस संपेपर्यंत अधूनमधून करत राहा.

अमेरिकेहून आणलेली यंत्रं

मुलगा-मुलगी तिकडे, येताना त्यांनी आणलेला ॲम्प्लिफायर इकडे, असं पुण्यात घरोघरी आहे. १२० व्होल्टचं यंत्र स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरवर चालवलं तर व्होल्टेज बरोबर होतं, पण वारंवारता ५० हर्ट्झच राहते. फक्त ६० हर्ट्झसाठी बनलेल्या ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात त्यामुळे २० टक्के जास्त चुंबकीय भार येतो. तो गरम होतो आणि गुरगुरतो. कुठलीही केबल हे दुरुस्त करू शकत नाही. मागच्या पट्टीवर ५०/६० हर्ट्झ छापलेलं असेल तर काळजी नाही, फक्त ६० असेल तर यंत्राच्या कंपनीकडे ५० हर्ट्झचा ट्रान्सफॉर्मर मिळतो का विचारा.

टर्नटेबल आणलं असेल तर त्याची मोटर बघा. एसी सिंक्रोनस मोटर विजेच्या वारंवारतेवर फिरते, म्हणून ३३⅓ ऐवजी तबकडी मिनिटाला २७.८ फेरे घेईल आणि काळी एकचा गायक काळी पाचच्याही खाली उतरेल. अशा टर्नटेबलला ५० हर्ट्झची पुली लागते. डीसी मोटर असेल तर हा प्रश्न नाही. आणि स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर, मग तो कितीही सुबक असो, रॅकमध्ये ठेवू नका. त्याचं क्षेत्र शेजारच्या फोनो स्टेजमध्ये (टर्नटेबलचा बारीक सिग्नल वाढवणारा भाग) थेट शिरतं.

टर्नटेबलची घूं

ही वेगळी का धरायची ते आकड्यांतून कळतं. सीडी प्लेअर २ व्होल्ट देतो, मूव्हिंग मॅग्नेट जातीची कार्ट्रिज साधारण ५ मिलिव्होल्ट, मूव्हिंग कॉइल जातीची त्याच्याही दहाव्या भागाइतकी. एवढ्याशा सिग्नलला फोनो स्टेज मोठं करते, त्यात आरआयएए वक्रानुसार (तबकड्यांसाठी ठरलेलं प्रमाण) खर्ज आणखी उचलते, कारण तबकडी कोरताना खर्ज दाबलेला असतो. १००० हर्ट्झच्या तुलनेत ५० हर्ट्झ जवळजवळ १७ डेसिबल वर येतो. म्हणजे बाकी सिस्टीममध्ये ऐकूही न येणारी घूं इथे सातपट होऊन येते. टर्नटेबलवाल्याने जास्त काटेकोर असायलाच हवं.

टर्नटेबलची बारीक अर्थ वायर फोनो स्टेजच्या ग्राउंड स्क्रूला घट्ट लागली आहे का बघा. लावल्यावर घूं कमी व्हायला हवी. काही टर्नटेबलांना अशी वायर नसते, आर्मचं ग्राउंड डाव्या चॅनलच्या जाळीतूनच येतं. तिथे बाहेरून आणखी एक वायर जोडून नवा लूप करू नका. मग मोटर बंद ठेवून, आवाज ऐकण्याच्या पातळीवर आणून, आर्म हाताने उचलून तबकडीच्या कडेपासून मध्यापर्यंत हळूहळू न्या. घूं कमी-जास्त होत गेली तर कार्ट्रिज जवळच्या कुठल्यातरी ट्रान्सफॉर्मरचं क्षेत्र पकडते आहे. ॲम्प्लिफायर टर्नटेबलच्या खाली किंवा उजवीकडे असेल तर तो डावीकडे हलवा. फूट-दीड फूट अंतराने फार मोठा फरक पडतो. मोटर चालू केल्यावरच घूं येत असेल तर क्षेत्र मोटरचंच आहे, आणि त्यावर चांगलं आवरण असलेली वेगळी कार्ट्रिज हाच व्यवहारी उपाय.

एकाच बाजूने घूं येत असेल तर कार्ट्रिजच्या मागच्या चार पिना आणि त्यांच्या तारा तपासा. पांढरी आणि निळी डाव्या चॅनलच्या, तांबडी आणि हिरवी उजवीच्या. त्यातली निळी किंवा हिरवी सैल असली की त्या बाजूने घूं. चिमट्याने पिनेचं कवच अगदी हलकेच आवळा, तार ओढू नका, केसाएवढी असते. आणि ॲम्प्लिफायर बंद करून.

फोनोमधून घूंऐवजी मंद बोलणं किंवा गाणं ऐकू येत असेल तर केबल ॲन्टेना झाली आहे. आकाशवाणी पुण्याचं मध्यम लहरींचं प्रसारण ७९२ किलोहर्ट्झवर आहे, आणि जवळ राहणाऱ्यांना ते असं भेटू शकतं. आखूड, चांगल्या जाळीची केबल आणि तिच्यावर फोनो स्टेजच्या टोकाला फेराइटचं कडं लावून बघा.

शांतता मिळाली की त्याच दिवशी रॅकच्या मागच्या बाजूला एक कागद चिकटवा: कोणतं उपकरण कोणत्या सॉकेटवर, कोणती केबल कुठून कुठे, टीव्हीची कोॲक्स कुठे तुटक केली, तारखेसह. नवा स्ट्रीमर आला, नातवाने गेमिंगची पेटी जोडली, केबलवाल्याने बॉक्स बदलला, की त्याची नोंद तिथेच करा. घूं परत आली तर यादीतली सगळ्यात शेवटची नोंद आधी उपसायची.